ऐकणारे गाव : १९५६ चा पुणे प्रयोग आणि त्याची आफ्रिकी भावंडे

आमच्या धरमपेठेतल्या गल्लीत, गोकुळपेठ बाजाराकडे वळण्याच्या थोडे अलीकडे, कृषिखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या घराच्या जागी फ्लॅट स्कीम व्हायची ठरली, आणि माळ्यावरची पुस्तके त्यांनी ओळखीपाळखीत वाटून टाकली. माझ्या वाट्याला आलेल्या गठ्ठ्यात युनेस्कोने १९५९ साली छापलेले एक पुस्तक निघाले. शीर्षक होते 'अ‍ॅन इंडियन एक्सपेरिमेंट इन फार्म रेडिओ फोरम्स', लेखक जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ. पुस्तक इंग्रजीत असले, तरी त्यातली माणसे मराठी बोलणारी आहेत. पुणे, अहमदनगर, नाशिक, तेव्हाचा उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास खेड्यांची ही हकिकत आहे. विकासासाठी प्रसारमाध्यमे कशी वापरावीत याचा जो धडा पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक नवस्वतंत्र देशांना शिकवला गेला, त्याचा एक मोठा भाग या मराठी खेड्यांत तयार झाला. मराठी समीक्षेने त्याकडे आजवर फारसे पाहिलेले नाही. ग्रामीण साहित्यावर आपण इतके लिहितो, पण ग्रामीण माणसाला 'श्रोता' म्हणून कोणी आणि कसे घडवले, हा प्रश्न आपल्या वाचनात येत नाही.

कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट ठरलेल्या वेळी एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि नंतर चर्चा करत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते. युनेस्कोच्या मदतीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने तोच प्रयोग केला. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ. ऐकून झाले की चर्चा, चर्चेचा अहवाल आणि न सुटलेले प्रश्न पुण्याला, आणि त्यांची उत्तरे पुन्हा रेडिओवर. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. मंडळे असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना तिथे केली गेली. नुसत्या रेडिओने लोकांच्या माहितीत फारसा फरक पडला नाही. मंडळ होते तिथे तो ठळक पडला. दहा आठवड्यांच्या मानाने हे यश मोठे होते आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही.

या पाच जिल्ह्यांच्या यादीत विदर्भ नाही, हे इथला वाचक लगेच बोट ठेवून सांगेल. कारण साधे आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो ते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून चालू होते, म्हणजे पुण्याच्या केंद्राहून वयाने थोरले. पण प्रयोगाच्या नकाशात त्याला जागा नव्हती. १९५९ च्या अखेरीस ही मंडळे देशभर सुरू झाली तेव्हा ती आपल्याकडेही आली. तोवर नमुना मात्र ठरून गेला होता. ऊस, भात आणि पाटाचे पाणी असलेल्या मुलखात बसवलेली घडी कोरडवाहू कापसाच्या मुलखाला तशीच घालण्यात आली.

पुस्तकाचे दोन्ही लेखक असामान्य होते, आणि साहित्याच्या वाचकाला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटावे. जगदीशचंद्र माथुर आयसीएस अधिकारी, आकाशवाणीचे महासंचालक. पण हिंदी वाचक त्यांना 'कोणार्क' या नाटकाचे लेखक म्हणून ओळखतो. सत्तेसमोर उभ्या राहणाऱ्या शिल्पकारांचे ते नाटक. पॉल न्यूरथ व्हिएन्नाचे. त्यांचे वडील ओटो न्यूरथ हे तत्त्वज्ञ, आणि सामान्य माणसाला आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची 'आयसोटाइप' पद्धत बसवणारे. नाझींनी पॉल यांना डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत ठेवले होते. सुटका झाल्यावर ते स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचले आणि १९४३ साली कोलंबिया विद्यापीठात याच दोन छावण्यांतल्या समाजजीवनावर त्यांनी प्रबंध लिहिला. बंदिवानांचे गट कसे बनतात, सत्ता खालपर्यंत कशी झिरपते, हे अंगावर भोगून अभ्यासलेला माणूस पुढे नगर-नाशिककडच्या खेड्यांत कोण बोलतो, कोण गप्प बसतो, हे मोजायला आला. (त्यांची सावत्र आई मारी न्यूरथ याच दशकात पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी आयसोटाइपच्या सचित्र पुस्तिका करत होती. मुलगा पुण्याच्या परिसरात, आई इबादानकडे, आणि दोघांचे काम एकच : खेड्याला समजेल असे सांगणे. अशा योगायोगाने सिद्ध काही होत नाही, पण त्या काळाची हवा कळते.)

इतके सगळे माहीत असल्यामुळे अहवाल वाचताना अपेक्षा वाढते आणि मग थोडी खंतावते. न्यूरथ प्रामाणिक निरीक्षक आहेत. मंडळ ही गावातली नवी संस्था बनू पाहते आहे आणि निर्णयाची तिची भूक वाढते आहे, हे त्यांना दिसते आणि ते लिहितातही. पण अहवालाचे माप माहितीचे आहे. प्रयोगाआधी किती उत्तरे बरोबर आली आणि प्रयोगानंतर किती, हा त्या मापाचा गाभा. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत, सहकार हे विषय आधीच ठरलेले. गाव शंका विचारू शकते, पण विषय काय असावा हे पुण्याने ठरवायचे. उत्तर 'बरोबर' कोणते, हेही पुण्यालाच ठाऊक. प्रश्नोत्तरांच्या या रचनेत श्रोत्याला बोलण्याची मुभा आहे, मात्र चर्चेची चौकट बदलण्याचा अधिकार त्याला नाही. छळछावणीवर प्रबंध लिहिणाऱ्याला हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. त्याला सोपवलेले काम वेगळे होते, एवढेच.

त्या काळाचा एकूण सूरच तसा होता. डॅनियल लर्नरचे 'द पासिंग ऑफ ट्रॅडिशनल सोसायटी' १९५८ चे. त्यात तुर्कस्तानातल्या बालगात गावचा एक किराणा दुकानदार आहे. शहराची ओढ असलेला, गावाला नकोसा झालेला हा माणूस लर्नरच्या लेखी येणाऱ्या युगाचा अग्रदूत ठरतो, आणि गावचा मुखिया मावळत्या युगाचा. विल्बर श्रॅमने १९६४ साली युनेस्कोसाठी 'मास मीडिया अँड नॅशनल डेव्हलपमेंट' लिहिले, आणि पुण्याचा प्रयोग त्यातून जगभर गेला. परंपरा एका बाजूला, आधुनिकता दुसऱ्या बाजूला, मधे रेडिओचा पूल. गावकऱ्याने तो ओलांडायचा.

याच १९५९ साली पॅरिसमध्ये रेडिओवरचे दुसरे एक लेखन प्रसिद्ध झाले, आणि हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत असा माझा आग्रह आहे. फ्रांझ फॅनन यांचा अल्जीरियन क्रांतीवरचा ग्रंथ त्या वर्षी आला. त्यातला एक निबंध अल्जीरियातल्या रेडिओवर आहे. फॅनन मार्टिनिकचे, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. ब्लिदा इथल्या रुग्णालयातली नोकरी सोडून ते अल्जीरियाच्या मुक्तिलढ्यात उतरले होते. ते सांगतात ते थोडक्यात असे. रेडिओ-अल्जेर हे फ्रेंच वसाहतवाल्यांचे केंद्र, फ्रेंचांनी फ्रेंचांशी बोलावे म्हणून चालवलेले. अल्जीरियन घरांत रेडिओ नव्हता, आणि त्याला केवळ गरिबी कारणीभूत नव्हती. ज्यांना संच परवडत होता तेही तो घेत नव्हते. १९५६ च्या अखेरीस मुक्तिलढ्याचे स्वतःचे प्रसारण सुरू झाले आणि वीस दिवसांच्या आत बाजारातले संच संपले. सरकारने संचांच्या विक्रीवर निर्बंध आणले, बॅटऱ्या बाजारातून काढून घेतल्या, आणि प्रसारणात खरखर मिसळायला सुरुवात केली.

पुढचा भाग निबंधाचे मर्म आहे. खोली माणसांनी भरलेली. एक जण संचाला कान लावून बसलेला. खरखरीतून एखादा शब्द त्याच्या हाती लागतो, तो इतरांना सांगतो. उरलेले वाक्य सगळे मिळून रचतात. अमुक डोंगरातल्या चकमकीचे काय झाले, असे कोणी विचारतो, आणि न ऐकलेले उत्तरही खोलीला मिळते. प्रसारण बंद पडले, तरी लोक काटा फिरवत राहतात, कारण त्या खरखरीच्या मागे आवाज आहे अशी त्यांची खात्री असते.

पुणे आणि अल्जीरिया, वर्ष तेच १९५६. दोन्हीकडे बॅटरीचा संच, दोन्हीकडे भोवती जमलेली माणसे. पुण्याचा आवाज स्वच्छ येतो आणि गाव त्यावर चर्चा करते. अल्जीरियाचा आवाज तुटक येतो आणि गाव तो पुरा करते. पहिल्या ठिकाणी अर्थ आलेला असतो, तो फक्त पोचायचा बाकी असतो. दुसऱ्या ठिकाणी अर्थ ऐकणाऱ्यांच्या हातून घडतो. समीक्षेच्या परिभाषेत हे सांगणे सोपे आहे. वाचक संहिता पुरी करतो हे आपण एव्हाना पाठ केले आहे. फॅनन हे बॅटऱ्या जप्त होत असताना लिहीत होते.

तरीही मला फॅनन पूर्ण पटत नाहीत. ऐकणारा स्वतःला हवे तेच ऐकतो, हाही त्या खोलीचा अर्थ आहे. जिंकलेली लढाई आणि कल्पनेतली लढाई यांतला फरक त्या खोलीला करता येत नाही, आणि त्या क्षणी करायचाही नसतो. असा श्रोता क्रांतीला लागतो. पण स्वातंत्र्यानंतर तोच आवाज सरकारी झाला, तेव्हा त्याच्यावर शंका घ्यायची सवय या श्रोत्याला कुठून लागणार? पुण्याच्या मंडळाची एक बाजू इथे मोलाची ठरते. कितीही बंदिस्त असो, 'मला हे पटले नाही' असे कागदावर लिहून वर पाठवायची जागा त्यात होती.

ही जागा किती टिकते याची परीक्षा आफ्रिकेत झाली. घानाने १९६४-६५ मध्ये युनेस्कोच्या मदतीने, पुण्याच्या धर्तीवर, देशाच्या पूर्व भागात अकान भाषेतून रेडिओ मंडळे चालवली. त्याचा अहवाल १९६८ चा. दोन्हींच्या मधे २४ फेब्रुवारी १९६६ येते. त्या दिवशी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली, आणि कर्नल कोटोका यांनी ते देशाला सांगितले रेडिओवरून. शेतकऱ्यांना चर्चेला बसवणारा आणि राज्य बदलल्याचे एकतर्फी कळवणारा रेडिओ एकच. लोकांना बोलते करणारी यंत्रणा ज्याच्या ताब्यात असते, त्याच्या मर्जीवर ते बोलणे अवलंबून राहते, हे अकराव्या नियोजन परिसंवादात ऐकण्यापेक्षा या तारखेतून जास्त कळते.

सेनेगलचे उदाहरण मला आपल्या अधिक जवळचे वाटते. तिथला मध्यभाग भुईमुगाचा. वसाहतकाळात फ्रेंचांनी लावलेले हे एकपीक, आणि स्वातंत्र्यानंतर खरेदी सरकारी यंत्रणेकडे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे वोलोफ भाषेत ग्रामीण शैक्षणिक प्रसारण सुरू झाले. त्याचे नाव 'दिस्सो'. अर्थ साधारण आपल्या 'बोलणे-बसणे' सारखा. पुण्यात जे झाले नव्हते ते इथे झाले. शेतकऱ्यांनी खताच्या मात्रेवर बोलण्याऐवजी कर्ज, बियाणे आणि खरेदीतल्या अडचणींवर बोलायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज त्यांच्याच भाषेत प्रसारित झाला. भुईमुगाचा शेतकरी तेव्हा कर्जाने आणि अवर्षणाने बेजार होता. सरकार अस्वस्थ झाले. स्वतःच्याच केंद्रावरून स्वतःची उणीदुणी ऐकायची सवय कोणत्याच सरकारला नसते. 'दिस्सो'ने क्रांती केली नाही, पण विषय कोणी ठरवायचा या प्रश्नाला तिथे थोडा काळ वेगळे उत्तर मिळाले.

भुईमुगाच्या जागी कापूस वाचला की हे सगळे वऱ्हाडात येते. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. त्यानंतर आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी जे शब्द होते ते संकलन केंद्र, ग्रेडर आणि चुकारा. कापूस घालून महिने झाले तरी चुकारा नाही. ग्रेडरने प्रत पाडली. बैलगाड्यांची रांग केंद्राबाहेर मुक्कामाला. 'असे करा' या वाक्यात बसणारे शेतीचे कार्यक्रम हे शब्द पेलू शकत नव्हते.

काकाजींना मी याबद्दल विचारले. तरुणपणी ते एका तालुक्यात मंडळांचे कागद गोळा करत. ते म्हणाले, "लोक भावाचंच विचारत ना जी. मी ते प्रश्न पुढे पाठवतच नव्हतो. तिकडे त्याचं उत्तर देणारा माणूसच नव्हता, तर पाठवून करायचं काय?" त्यांना कोणी तसा हुकूम दिला नव्हता. मला ही कबुली अहवालातल्या कोणत्याही तक्त्याइतकी महत्त्वाची वाटते. बंदी कोणी घातली नाही, प्रश्न वाटेतच विझले, आणि ते विझवणारा माणूस सज्जन होता.

भावाचा प्रश्न शेवटी रेडिओबाहेरूनच आला. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. म्हणजे युनेस्कोसारख्याच संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत. तिथून परतून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला शेती केली आणि शेतकरी संघटना उभारली. तिचे माध्यम होते सभा आणि स्वतःचे नियतकालिक. 'वारकरी' हे त्याचे पहिले नाव. विकासाचा प्रश्न शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नसून भावाचा आहे, हे त्यांचे म्हणणे अर्थशास्त्र म्हणून कोणाला पटो न पटो. संज्ञापनाच्या इतिहासात ते पुण्याच्या प्रयोगाला दिलेले उत्तर आहे. श्रोत्याला माहिती कमी पडते हे गृहीतकच त्यांनी फेकून दिले.

आता साहित्याकडे येतो. 'बनगरवाडी' १९५५ ची, प्रयोगाच्या आदल्या वर्षीची. तिचे लेखक व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षे काम केले. चिनुआ अचेबे १९५४ पासून नायजेरियाच्या नभोवाणीत होते, १९५६ साली बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, आणि १९५८ मध्ये त्यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' आली. गावावर अशा कादंबऱ्या लिहिणारे हे दोघेही पगारी नभोवाणीवाले होते. आपण माडगूळकरांच्या नोकरीचा उल्लेख चरित्राच्या तळटीपेत करतो आणि पुढे जातो. माझ्या मते तो समीक्षेच्या मध्यभागी आणायला हवा.

कारण 'बनगरवाडी' ही बाहेरून आलेल्या शिकवणाऱ्या माणसाचीच कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर येतो. शाळा चालवतो, पत्रे लिहून देतो, तंटे ऐकतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. उद्घाटनाला राजेसाहेब येतात. विकासाच्या अहवालाला इथे आनंदाने पूर्णविराम देता आला असता. पण पाऊस पडत नाही. मेंढरे मरतात, वाडी उठून जाते, आणि शिकवायला कोणी उरत नाही. मास्तरने काही चुकीचे सांगितले म्हणून हे झालेले नाही. गावाचे असणे-नसणे ज्यावर ठरते ते शिकवण्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय या मास्तरला वाडीच्या आधी स्वतःच खूप काही ऐकावे लागते. कारभाऱ्याचा रुसवा कसा काढायचा हे त्याला कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. लर्नरच्या बालगातमध्ये मुखिया हा मावळणारा नमुना आहे. माडगूळकरांचा कारभारी नमुना नाही, तो कारभारी आहे.

अचेबेंची कादंबरी हाच मुद्दा कडू करून सांगते. शेवटच्या पानावर इंग्रज अधिकारी ओकोंक्वोचे प्रेत पाहतो आणि मनात हिशेब करतो : आपण लिहीत असलेल्या पुस्तकात या माणसाला किती जागा द्यावी, प्रकरण नाही तरी एखादा परिच्छेद? आपण संबंध कादंबरी वाचून आलेलो असतो, म्हणून तो परिच्छेद आपल्याला असह्य होतो. माथुर-न्यूरथांचा अहवाल त्या अधिकाऱ्याच्या पुस्तकासारखा क्रूर मुळीच नाही. पण परिच्छेदाचा हिशेब त्यालाही चुकलेला नाही.

म्हणून 'माडगूळकरांनी गाव जसेच्या तसे टिपले' हे आपल्या समीक्षेतले नेहमीचे वाक्य मला अपुरे वाटते. गावाला सांगण्याच्या नोकरीत असलेल्या माणसाने कथेत गावाला काहीही न सांगण्याचा निर्धार केला होता, असे त्यांच्या पुढच्या लेखनाकडे पाहता येईल का? अचेबेंनी तर कादंबरीकाराने शिक्षक व्हावे असे उघड मांडले आणि माडगूळकरांच्या उलट वाट धरली. सरकारी नभोवाणीत वरच्या पदावर असताना लिहिलेली त्यांची 'अ मॅन ऑफ द पीपल' लष्करी उठावावर संपते. ती १९६६ च्या जानेवारीत आली, आणि त्याच महिन्यात नायजेरियात खरोखरच उठाव झाला.

१९७५-७६ मधल्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाचे इथे एका वाक्यात आटोपतो. अमेरिकेचा उपग्रह विषुववृत्तावर केनियाच्या माथ्यावर आणून ठेवला होता, कार्यक्रम भारतातल्या सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांसाठी होते, आणि त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. आता तर नागपूरचीच केंद्रीय कापूस संशोधन संस्था शेतकऱ्याच्या मोबाइलवर आवाजी संदेश पाठवते. बोंडअळीचा सल्ला वेळेवर मिळणे ही छोटी गोष्ट नाही. पण संदेश एकेकट्याच्या कानात वाजतो आणि संपतो. १९५६ च्या मंडळात निदान पंधरा जण एकमेकांची तोंडे पाहत बसलेले असत.

अभ्यास व्हायचा असेल तर तो इथून सुरू व्हावा. ग्रामीण विभागांच्या संहिता, श्रोत्यांची पत्रे, मंडळांचे अहवाल यांतले जिथे जे उरले असेल ते शोधून माडगूळकरांच्या कथांशेजारी ठेवून वाचायला हवे. काकाजींच्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच-सहा प्रश्न लिहिलेले आहेत. बहुतेक बियाण्याचे आणि जनावरांच्या रोगांचे. एकावर काट मारली आहे, पण तो वाचता येतो. सरकी विकत घेताना एक भाव आणि कापूस विकताना दुसरा, हे कोण ठरवते, असे कोणीतरी विचारले होते. गावाचे नाव लिहिलेले नाही.